अकाउंट त्याचं, पण खालच्या कमेंटा कुणाच्या?

रावेरकडच्या एका तरुण केळी बागायतदाराने मध्यंतरी आपलं फेसबुक अकाउंट कायमचं उडवलं, तेव्हापासून आमच्याकडच्या ग्रुपांवर वाद पेटलाय. काही जण म्हणतात, त्याचं अकाउंट, त्याची मर्जी. बाकीचे म्हणतात, असं कसं भो, एवढ्या वर्षांची माहिती घेऊन गेला की तो! एका काकांनी तर लिहिलं की कंपन्यांनी डिलीटचं बटणच काढून टाकलं पाहिजे.

मी पहिल्या बाजूचा. पण दुसऱ्या बाजूची हळहळ खोटी नाही, म्हणून जरा लांबड लावतोय.

तो काय लिहायचा, हे ज्यांनी वाचलं नाही त्यांना या वादाची गंमत कळणार नाही. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं कधी लावली, सीएमव्ही या विषाणू रोगाचे पिवळे पट्टे पानावर पहिल्यांदा कधी दिसले, किती झाडं उपटून फेकावी लागली, घडाला स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) घातल्यावर मालात काय फरक पडला, बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला भाव एक असताना बांधावर व्यापाऱ्याने हातात किती टेकवले. सगळं तारखेसकट, फोटोसकट. आणि खरा माल तर खाली कमेंटांत असायचा. यावल, चोपडा, मुक्ताईनगरकडचे लोक येऊन आपापलं सांगायचे. सीएमव्ही मावा पसरवतो हे पुस्तिकेतही असतं. पण शेजारच्या बांधावर काकडी लावली आणि पहिल्या चार ओळी गेल्या, हे ज्याच्या गेल्या तोच सांगतो. असं सांगणाऱ्यांतले एक म्हातारबा आता हयात नाहीत. लिहिणारा पोरगा फेसबुक सोडून गेला आणि त्याच्या पोस्टींबरोबर त्यांचंही लिहिलेलं गेलं.

तो का गेला? भाव लिहिला की एक टोळी त्याला व्यापाऱ्यांचा एजंट म्हणायची, दुसरी कुठल्यातरी पक्षाचा. नंतर त्याच्या घरच्यांच्या फोटोखाली घाण लिहायला लागले. तेव्हा "राहा रे भाऊ" म्हणायला आपल्यातले किती जण गेले होते? आज माहिती बुडाली म्हणून रडणाऱ्यांतले बरेच तेव्हा हसण्याच्या इमोज्या टाकत होते, त्यांची नावं मी घेत नाही.

आपल्या सोयीसाठी कुणी तिथे राहिलंच पाहिजे, असं आपण म्हणू शकत नाही. आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदारसुद्धा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशेब करून मोकळा होतो. ज्याने फुकटात लिहिलं त्याला आपण जाऊ देणार नाही?

कायदाही याच बाजूला झुकतोय. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये आपला डेटा पुसून मागायचा हक्क लिहिलाय. युरोपात असा हक्क २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि हक्कांचा भाग अमलात यायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली. म्हणजे आपल्या नेहमीच्या चालीने.

"मग फसवणारे पळून जातील" हा मुद्दा सगळ्यांनी लावून धरलाय. जुना ट्रॅक्टर विकायचा म्हणून टोकनचे पैसे घेतले आणि अकाउंट गायब, असं होतं, मान्य. पण अकाउंट बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवायची, असं २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर बंधन घातलेलं आहे. तेव्हा ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरवत बसण्यापेक्षा लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चोरासाठी सगळ्या गावाला कोंडून ठेवायची गरज नाही.

कंपन्यांचा मला खरा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. डिलीट मागितलं की आधी "तात्पुरतं बंद करा ना" म्हणून गळ घालतात. मग ३० दिवस थांबायचं, आणि त्यात एकदा जरी लॉगिन करून विनंती मागे घेतली की सगळं जसंच्या तसं. फेसबुक स्वतःच सांगतं की सगळा डेटा पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. अकाउंट उघडायला मात्र पाच मिनिटंही लागत नाहीत. तरी त्या ३० दिवसांवर मी सरसकट टीका करणार नाही. साखरपुडा झाला की मुलीला अकाउंट उडवायला लावणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. तिथे मर्जी तिची नसते, बोट फक्त तिचं असतं. अशा वेळी महिनाभराची फट कामाला येते. मुदत असू द्या, लपवाछपवी नको.

आता कमेंटांचं. इथे मात्र मला सध्याची पद्धत पटत नाही. पोस्ट त्याची, ती गेली पाहिजे. पण म्हातारबांनी लिहिलेलं त्यांचं होतं, ते त्याच्याबरोबर का जावं? रेडिट या चर्चेच्या साइटवर माणूस अकाउंट पुसून गेला तर नाव जातं, लिहिलेलं मागे राहतं. ते स्वतः काढलं तरच जातं. विकिपीडियावर तर अकाउंट पुसताच येत नाही, फार तर नाव बदलून मिळतं, कारण तिथे लेखन सगळ्यांचं हे आधीच ठरलेलं असतं. फेसबुकने जाणाऱ्याला निदान विचारावं: सगळं पुसू, की नुसतं नाव काढून लिहिलेलं ठेवू? मला वाटतं, आमच्या त्या पोराने दुसरं निवडलं असतं. आणि कमेंट करणाऱ्यांनाही आपलं उतरवून घ्यायला आधी सूचना मिळावी.

बटण काढून टाका म्हणणाऱ्या काकांना एवढंच विचारायचंय की ऑर्कुट हे फेसबुकसारखंच जुनं नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती? २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, आणि आपल्या अहिराणी गाण्यांवर नाचणाऱ्या पोरापोरींचं सगळं गेलं. तिथे तर कुणीच स्वतःहून डिलीट दाबलं नव्हतं. एका माणसाचं बटण काढून माहिती टिकत नाही.

तर काम असं आहे. त्या पोस्टींचे आणि कमेंटांचे स्क्रीनशॉट ज्यांच्या फोनमध्ये असतील त्यांनी मला पाठवा. त्याचं नाव आणि घरचे फोटो मी आधी काढेन, आणि त्याला विचारल्याशिवाय काहीही छापणार नाही. तो नको म्हणाला तर फक्त तुमच्या-तुमच्या कमेंटा तुम्हाला परत. आणि ज्यांना स्वतःलाच जायचंय ते इनबॉक्समध्ये रस्ता विचारतायत, म्हणून इथेच लिहितो: सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात वैयक्तिक माहिती, त्यात अकाउंटची मालकी आणि नियंत्रण, तिथे डिलीट. त्याआधी आपली माहिती डाउनलोड करून घ्या, फोटो असतील तर वायफायवर.