गाळातली गंमत राहिली

लेख आवडला. गोड्या पाण्यातल्या, मिलिमीटरभर लांबीच्या कवचधारी जिवांच्या जाती ओळखण्यात एका जीवशास्त्रज्ञाचं आयुष्य कसं जातं, हे छान आलंय. पण जॉर्ज ओसियान सार्स (१८३७–१९२७) यांचा उल्लेख हवा होता! नॉर्वेच्या या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातून वाळलेला गाळ मागवला, घरी पाण्यात भिजवला आणि त्यातल्या सुप्त अंड्यांतून जिवंत प्राणी वाढवले. १८८५ साली त्यांचं वर्णनही छापलं. म्हणजे तळ्यावर न जाताच तळं घरी! त्यातलीच एक जात, डॅफ्निया लुमहोल्ट्झी नावाची पाणपिसू, पुढे अमेरिकेच्या जलाशयांत उपरी म्हणून पसरली.

आणखी एक. ‘जातींना नुसती नावं देण्याचं काम’ असं वरच्या प्रतिक्रियेत एकांनी लिहिलंय. अहो, कोपेपॉड या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांच्या कित्येक जाती वेगळ्या करायला नराच्या पायांची पाचवी जोडी सुईने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. हात जरा थरथरला की नमुना गेला. (मी कॉलेजात असे तीन घालवले, चौथ्याला सरांनी हातच लावू दिला नाही.) आता डीएनए तपासता येतो, पण तो डीएनए कुठल्या जातीचा हे सांगायला आधी कुणीतरी ते पाय बघितलेले असावे लागतात.