पेशंट सोडून सगळ्यांशी बोला

पेशंटला मिरजेला न्यायचं ठरलं की आधी बोलणारा माणूस ठरवा. तो माणूस पेशंट असता कामा नये. ज्याचं दुखतं त्याला दुखण्यातलं काय कळतं? बोलणारा कसा हवा, तर एकदा ग्रामपंचायतीला उभा राहिलेला, आवाजानं खणखणीत आणि सिव्हिलमध्ये कुणीतरी ओळखीचा असलेला. दुखणं कधी सुरू झालं हे त्याला माहीत नसलं तरी चालतं. केबिनचं दार ढकलताना "साहेब, आपलाच माणूस आहे, जरा लक्ष ठेवा" एवढं म्हणता आलं की झालं.

मिरज म्हणजे वैद्यकीय पंढरी. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल उभं केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि आता जत-आटपाडीपासून थेट अथणी-विजापूरपर्यंतची माणसं औषधपाण्याला इथंच उतरतात. एवढ्या लांबून आल्यावर ज्यानं त्यानं बोलायलाच हवं. फक्त पेशंटनं गप्प बसावं, म्हणजे गोंधळ होत नाही.

अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, बेकमन आणि फ्रँकेल यांनी, १९८४ साली एक भोचकपणा केला. डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींतलं बोलणं टेप करून ऐकलं. पेशंटनं तक्रार सांगायला सुरुवात केली की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. चौघांतल्या जेमतेम एकाचं सांगून पुरं झालं. आपल्याकडं डॉक्टरांवर एवढाही भार पडू देऊ नका. त्यांनी "काय होतंय आबा?" असं विचारलं आणि आबांनी खुर्चीत जरा सावरून "त्याचं असं झालं बघा..." म्हटलं, की थोरल्यानं लगेच पुढं व्हायचं. "आबा, तुम्ही थांबा, मी सांगतो. साहेब, बीपी आहे, गोळी चालू आहे, तरी चक्कर येते."

पेशंटला मध्ये तोडलंच नाही तर तो किती वेळ बोलेल, हेही स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या दवाखान्यात घड्याळ लावून बघून झालंय. २००२ साली ते छापून आलं. सरासरी ९२ सेकंद. दहांतले जवळजवळ आठजण दोन मिनिटांच्या आत आपसूक थांबले. आता कल्पना करा, आबांना ही दीड मिनिटं मिळाली असती तर काय अनर्थ झाला असता! ते म्हणाले असते, "गोळी घेतली की उठताना डोळ्यापुढं अंधारी येते, म्हणून मीच पंधरा दिवस झाले सोडलीय." घरात कुणालाच हे माहीत नाही. डॉक्टरांनी बीपी तपासला, वाढलेला दिसला. "चालू गोळीनं भागत नाही, अजून एक देतो," म्हणाले. थोरला म्हणाला, "द्या, भारीतली द्या." आबा गप्प बसले. दोन गोळ्या सोडायच्या म्हणजे खर्च दुप्पट, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार.

डॉक्टरांचाही सगळा दोष नाही. २०१७ साली बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांचा एक तक्ता आला होता. दवाखान्यात एका पेशंटला किती वेळ मिळतो याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण स्वीडनचे शेजारी नाही. बाहेर नंबर घेऊन साठ माणसं बसलेली असताना कोण कुणाची रामकहाणी ऐकणार? तेव्हा मिळालेली दोन मिनिटं ओळख सांगण्यात, एमआरआय कुठं स्वस्त पडेल हे विचारण्यात आणि आपलीही शुगर जाता जाता बघून घेण्यात सत्कारणी लावा.

पेशंट जतच्या पूर्व भागातली आजी असेल आणि तिला कानडीच येत असेल, तर सोबत दहावीतला नातू द्या. त्याच्याइतका स्वस्त दुभाषी नाही. डॉक्टर विचारतात, "लघवीला, पाळीच्या जागेला काही त्रास?" नातू लाजून मोबाईलकडं बघतो आणि आजीला कानडीत विचारतो, "पोट दुखतंय का?" आजीला महिन्यापासून अंगावरून रक्त जातंय. ती पदराचं टोक तोंडाला लावते, नातवाकडं बघते आणि मान हलवते. नातू सांगतो, "पोट दुखतंय म्हणते." पोटाची गोळी मिळते. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या दुभाष्यामार्फत झालेल्या १३ भेटींचा अभ्यास २००३ साली छापून आला, तर दर भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या आणि त्यांतल्या ६३ टक्के चुकांनी उपचारावर परिणाम होऊ शकला असता. पण तिकडं चुका मोजायला माणूस बसवलेला होता. आपल्याकडं कुणी मोजत नाही, म्हणून होतही नाहीत. वॉर्डातल्या मावशीला उत्तम कानडी येतं, पण तिला बोलवू नका. तिचं काम फरशी पुसायचं.

मग येतो महत्त्वाचा प्रश्न, "कळलं का?" याचं उत्तर ठरलेलं आहे, "होय साहेब." ते तोंडपाठ करा. पेशंट दवाखान्यात ऐकलेल्यातलं ४० ते ८० टक्के लगोलग विसरतो आणि जे आठवतं त्यातलंही निम्मं चुकीचं आठवतं, असं केसेल्स नावाच्या एका डच संशोधकानं २००३ साली मांडलं होतं. त्यावर उपाय म्हणून काही आगाऊ डॉक्टर हल्ली उलट विचारतात, "आता घरी जाऊन काय काय करणार, ते तुमच्या शब्दांत मला सांगा बघू." अशा डॉक्टरकडं पुन्हा जाऊ नका. तो परीक्षा घेतोय. आपण फी भरलीय.

शंका असतील त्या खाली उतरल्यावर मेडिकलवाल्याला विचाराव्यात. तो कात्रीनं पाकीट कापतो, पाच गोळ्यांचा तुकडा देतो आणि मागं बॉलपेननं १-०-१ लिहितो. औषधाचं नाव आणि एक्स्पायरी त्याच्याकडच्या अर्ध्यावर राहते. पुढच्या वेळी "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की आपण म्हणायचं, "पांढरी एक आणि एक गुलाबी." चिठ्ठीवर औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ सालीच सांगून ठेवलंय. ती चिठ्ठी सापडली तर ना!

आता डॉक्टरसाहेबांनाही दोन शब्द. राऊंडला कॉटशेजारी बसू नका. अमेरिकेत कॅन्ससच्या एका हॉस्पिटलात हे करून पाहिलं. बसलेल्या डॉक्टरांनी उभं राहणाऱ्यांपेक्षा काही जास्त वेळ दिला नव्हता, पण पेशंटना तो जास्त वाटला. हे भलतंच महागात पडेल. एकदा समाधान व्हायची सवय लागली की माणसं प्रश्न विचारू लागतात. तुम्ही आपलं पायथ्याशी उभं राहून, फाईलकडं बघत, शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत राहावं. मध्येच एकदा 'मेटास्टॅसिस' (म्हणजे कॅन्सर अंगात पसरणं) हा शब्द यावा आणि सगळ्यांनी एकदम पेशंटकडं बघावं. त्याला पुरेसं कळतं.

आणि नातेवाईकहो, नव्या पोरांपासून जपा. २०१९ पासून एमबीबीएसला बोलणं-वागणं हासुद्धा अभ्यासाचा भाग झालाय. त्यातली एखादी इंटर्न पोरगी स्टूल ओढून आजीजवळ बसते, हात हातात घेते, काय काय विचारते. लगेच हटका. "ते ठीक आहे, पण मोठे साहेब कधी येणार?" एवढं विचारलं की ती स्टूल जागेवर ठेवून निघून जाते.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही थोरल्याची. आबा शुद्धीवर आहेत, चष्मा खिशात आहे, सोसायटीच्या कर्जापासून दुधाच्या बिलापर्यंत आयुष्यभर त्यांनीच सह्या ठोकल्यात. पण हे पोट त्यांचं असलं तरी निर्णय घराण्याचा आहे. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ साली काय म्हटलं होतं? सज्ञान, शुद्धीवरच्या पेशंटची संमती त्याचीच घ्यावी. काय करणार, का करणार, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे सांगून घ्यावी. त्या खटल्यात पेशंट भुलेखाली होती आणि होकार आईनं दिला होता. कोर्टानं तो मानला नाही. कोर्ट दिल्लीला आहे. आपला फॉर्म काउंटरवर आहे, इंग्रजीत आहे आणि सिस्टरनं जिथं फुल्या मारल्यात तिथं सही करायची आहे.

खरी कसोटी लागते ती गाठीचा रिपोर्ट वाईट आल्यावर. इथं कुचराई नको. डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठून हात जोडायचे, "साहेब, आबांना काही सांगू नका. खचतील." डॉक्टरांनाही बरंच वाटतं, एक अवघड काम टळलं. वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली अमेरिकेत कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी मांडली गेली. तिच्यात सांगण्याच्या आधी विचारणं येतं: तुम्हाला काय झालंय असं वाटतं? तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? म्हणजे 'मला नको सांगू, पोराला सांग' असं म्हणायची मुभासुद्धा पेशंटलाच! असले लाड आपल्याकडं नकोत. त्यांना काय हवंय ते त्यांना न विचारता आपल्याला माहीत असतं.

त्यानंतर बातमी रीतसर पसरवा. भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, पुण्याची लेक, दूधवाला, द्राक्षाचा व्यापारी. दाढी करणाऱ्यालाही सांगा, म्हणजे तो हात हलका ठेवेल. आबांना सांगा, "साधी गाठ आहे, शेक देणार आहेत." मग त्यांना रोज अशा दारासमोर बाकावर बसवा जिथं वर ठळक मराठीत 'कर्करोग विभाग' लिहिलंय. आबा चौथी शिकलेत. पेपर रोज वाचतात. ते पाटी वाचतात, शेजारच्या बाईच्या डोक्यावरचा रुमाल बघतात आणि काही विचारत नाहीत. कारण आपल्याला कळलंय हे पोरांना कळलं तर पोरं खचतील. असा सगळा संसार एकमेकांना सांभाळत राहतो.

यात एक अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. विहिरीवरच्या पट्टीचं काय करायचं, कुणाकडनं किती येणं आहे, धाकट्या लेकीला कबूल केलेलं सोनं कुठल्या लॉकरात आहे, हे आबांना सांगायचं असतं. पण साधी गाठ असलेला माणूस असलं कशाला बोलेल? आणि चुकून बोलायला लागलाच, तर आपण म्हणायचं, "असं अभद्र बोलू नका आबा, तुम्हाला काही झालेलं नाही." पुढं तासगावच्या कोर्टात तारखा पडतात. वकिलांनाही पोटं आहेत.

एवढं सगळं नीट पार पडलं तर शेवटी भांडण होतंच. "आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही," असं म्हणून काचेवर पहिला दगड घालायचा तो त्या नातेवाइकानं, जो पुण्याहून शेवटच्या दिवशी आलाय. भिंतीवर २०१० च्या कायद्याचा बोर्ड असतो: डॉक्टरांवर हल्ला केल्यास तीन वर्षं कैद, पन्नास हजार दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई. तो ठळक असतो. २०२१ पासून रुग्णहक्कांची सनदही लावायची आहे. ती पाण्याच्या कूलरमागं बघावी. अमेरिकेत १९९७ साली, ज्यांच्यावर कधी दावा झाला नाही अशा फॅमिली डॉक्टरांचं वेगळं काय ते शोधलं होतं. ते पुढं काय होईल ते आधी सांगत, पेशंटला बोलतं करत, जरा हसत-हसवत आणि दर भेटीला सरासरी तीनेक मिनिटं जास्त देत. तीन मिनिटं रोज कुठून आणायची? त्यापेक्षा दारात दोन बाउन्सर परवडतात.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असेल. ते फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाच्याला फोटो काढून पाठवा. तो रात्री फोन करून सांगेल, "मामा, काळजी करण्यासारखं नाही." फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी गाडीत जागा कमी पडली तर आबांना घरीच ठेवा. फाईल तेवढी न्या.