चक्कर आली म्हणजे शुगर लो, हे इतकं सोपं नाहीये

एक मेसेज खूप फिरतोय: चक्कर, घाम, हात थरथरणं म्हणजे शुगर लो, घरच्या मशीनवर ७० च्या खाली आकडा आला की पक्कं, कारण वेळेवर न खाणं, आणि उपाय दर दोन तासांनी गोड. डायबिटीस नसलेल्या मोठ्या माणसांनी तर यावर अजिबात विसंबू नका.

लक्षणांवरून ठरत नाही. घाबरल्यावर, बीपी उतरल्यावर, थायरॉइड वाढल्यावरही अगदी असंच होतं. १९३८ मध्ये अ‍ॅलन व्हिपल या सर्जननी तीन अटी सांगितल्या त्या आजही लागतात: लक्षणं हवीत, त्याच वेळी रक्तातली शुगर खरंच कमी हवी, आणि शुगर वाढवल्यावर लक्षणं जायला हवीत.

७० हा आकडा डायबिटीसची औषधं घेणाऱ्यांना सावध करण्यासाठी आहे. बाकीच्यांमध्ये ५५ च्या खाली गेली की कारण शोधायचं, तेही लॅबमध्ये शिरेतलं रक्त तपासून, कारण घरचं मशीन खालच्या आकड्यांना चुकू शकतं.

आता "वेळेवर न खाणं". निरोगी माणसाचं एक जेवण चुकलं तर लिव्हर साठवलेली साखर सोडतं आणि नवी बनवतंही, त्यामुळे शुगर खरंच पडत असेल तर कुठेतरी गडबड आहे. सगळ्यात आधी औषधं बघायची, इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या डायबिटीसच्या गोळ्या, मलेरियाचं औषध क्विनाइन, आणि हो, घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी चुकून घेतली गेली का हेही विचारायचं. मग उपाशीपोटी दारू, लिव्हर किंवा किडनी फेल होणं, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, कॉर्टिसॉल या हार्मोनची कमतरता, पोटाची बायपास सर्जरी. यातलं काहीच नसेल तर शुगर पडलेली असतानाच इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा तुकडा) बघतात: इन्सुलिन जास्त पण सी-पेप्टाइड कमी, तर इन्सुलिन बहुतेक बाहेरून आलंय, दोन्ही जास्त, तर ते स्वतःच्या स्वादुपिंडातून येतंय, मग इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठ) किंवा डायबिटीसच्या त्या गोळ्या, म्हणून रक्तात गोळ्यांचा अंश आहे का हेही तपासावं लागतं. शुगर पडण्याचा अ‍ॅटॅक आपोआप येत नसेल तर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपास करवतात (घरी हा प्रयोग कृपया नको). आधीच स्कॅन काढायची घाई करू नये, गाठ बऱ्याचदा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असते आणि स्कॅनमध्ये सुटू शकते.

राहिलं दर दोन तासांनी गोड. ज्यांची शुगर जेवणानंतर पडते त्यांना गोडाने इन्सुलिन उसळून पुन्हा पडू शकते, आणि इन्सुलिनोमावाल्यांना सतत खाऊन बरं वाटतं, वजन वाढतं, निदान मात्र वर्षानुवर्षं लांबतं. अ‍ॅटॅकच्या वेळी गोष्ट वेगळी: माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा, आणि त्या डायबिटीसच्या गोळ्यांमुळे झालं असेल तर बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी शुगर पुन्हा पडू शकते.