‘सूज उतरली ना, मग पळवा’ असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. म्हणे एन्ड्युरन्सच्या (लांब पल्ल्याच्या रेसच्या) घोड्याला किरकोळ लागलं असेल तर रेस सोडू नका, चालताना लंगडत नसेल आणि सूज उतरली असेल तर घोडा फिट, थोडं दुखत असेल तर वॉर्म-अपमध्ये मोकळं होतं, नाहीतर एक पेनकिलर द्या, आणि काही असलंच तर तिथले व्हेट (जनावरांचे डॉक्टर) थांबवतीलच. मला हा इतक्या जणांनी पाठवलाय की आता एकदा नीट लिहितोच.

‘चालताना लंगडत नाही’ हे तर बघायचंच चुकीच्या ठिकाणी झालं. साध्या चालीत घोड्याचे दोन-तीन पाय कायम जमिनीवर असतात, भार वाटला जातो, हलकं दुखणं सहज लपतं. दुडकीत (हलक्या धावेत, म्हणजे ट्रॉटमध्ये) एका वेळी दोनच पाय टेकतात आणि पुढच्या पायावर क्षणभर जवळजवळ अख्ख्या अंगाएवढा भार येतो, म्हणून दुडकीच बघायची, तीही कडक सपाट जमिनीवर आणि दोर सैल सोडून, कारण दोर आवळून धरला की डोक्याची हालचालच दिसत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकला की खाली येतं. आणि दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर डोकं हलतच नाही, नुसती पावलं आखूड पडतात, मग दोन्ही बाजूंना गोल फिरवल्याशिवाय कळत नाही.

आता सूज. हा सगळ्यात धोकादायक मुद्दा आहे, कारण ऐकायला तो अगदी बरोबर वाटतो. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) थोडा फाटला तर सूज आणि लंगडणं काही दिवसांत जाऊ शकतं पण आतले धागे तसेच तुटलेले असतात, ते भरायला 9 ते 12 महिने लागतात आणि नंतरसुद्धा तिथे पहिल्यासारखी लवचिकता येत नाही. अल्ट्रासाऊंड अगदी पहिल्या दिवशी केला तर इजा आहे त्यापेक्षा लहान दिसू शकते, म्हणून आठ-दहा दिवसांनी परत करायचा. तसंच सांध्याजवळची छोटीशी भोकासारखी जखम, वरून काहीच नाही असं वाटतं, पण ती सांध्यात उतरली असेल तर इन्फेक्शनने घोडा कायमचा जायबंदी होऊ शकतो. तिथे रेसचा विचार नाही, त्याच दिवशी व्हेट.

वॉर्म-अपने मोकळं होतं, हो, होतं कधीकधी. पण म्हणून दुखणं गेलं असं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड पायावर परत बघा.

पेनकिलरबद्दल मला खरंच राग येतो. फेनिलब्युटाझोन हे पेनकिलर दिल्याने पाय बरा होत नाही, घोड्याला थांबायला सांगणारी वेदना तेवढी बंद होते. एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) स्पर्धेत ते अंगात सापडलं तर कारवाई होते ती वेगळीच, पण घाम गाळून पाणी कमी झालेल्या घोड्याच्या किडनीला हेच औषध जास्त त्रास देतं.

आणि व्हेट थांबवतीलच म्हणे! व्हेट टप्पा संपल्यावर घोड्याला काही मिनिटं बघतात, हार्टरेट ठरलेल्या वेळेत 64 च्या आत आला का, दुडकी सरळ आहे का, पाठ आणि तंगाची (खोगीर आवळायच्या पट्ट्याची) जागा कशी आहे. पण एक टप्पा 40 किलोमीटरपर्यंत असू शकतो आणि तेवढा वेळ त्याच्याजवळ फक्त तुम्ही असता. दमलेला घोडा दुखरा पाय वाचवायला दुसऱ्या पायावर भार टाकतो, मग तोही जातो. व्हेट थांबवतात तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

प्रत्येक ओरखड्याला रेस रद्द करा असं मी म्हणत नाहीये. सांधा-टेंडनपासून लांब वरवरचं खरचटलंय, खोगीर-तंगाखाली येत नाही, दोन्ही पायांना हात लावून गरमपणा सारखा लागतोय, घोट्यामागची नाडी ठणकत नाही, दुडकी सरळ आहे, मग नेहमीएवढं काम द्या, दुसऱ्या सकाळी हेच सगळं परत तपासा, व्हेटला दाखवा आणि जा खुशाल. यातलं एक जरी डळमळीत असेल तर घरी ठेवा. तयारी वाया जाईल ही भीती असते ना, तर दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घोड्याचा दमसास फारसा उतरत नाही, टेंडन गेला तर मात्र अख्खा सीझन जातो.