‘सौभद्र’च्या रद्द झालेल्या रविवारबद्दल, तिकीट खिडकीकडून

ताई, नमस्कार.

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. रागावून उत्तर द्यायला नको म्हणून एक दिवस जाऊ दिला. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्या खिडकीवरून ‘संगीत सौभद्र’ची चार तिकिटं घेतली होती, रविवारी दुपारी साडेबाराच्या प्रयोगाची. ७८ वर्षांच्या आईंना घेऊन त्या साताऱ्याहून आल्या आणि दारात फळा पाहिला : ‘आजचा प्रयोग रद्द, तारीख पुढे ढकलली आहे.’ मंगळवारी पैसे परत मागितले तर आमच्या मुलाने ‘हीच तिकिटं पुढच्या तारखेला चालतील’ म्हणून वाटेला लावलं. नवीन प्रयोग दुसऱ्या नाट्यगृहात, आणि तिथे तिसऱ्या रांगेऐवजी अकरावी रांग पदरात पडली. त्यांच्या पाहुण्यांनी अ‍ॅपवरून घेतलेल्या दोन तिकिटांचे पैसेही पूर्ण आले नाहीत. शेवटचे शब्द ‘शुद्ध फसवणूक’.

आधी आमची चूक सांगतो.

शनिवारी रात्री सव्वानऊला निर्मात्यांचा फोन आला की कृष्णाचं काम करणाऱ्यांचा आवाज पार बसलाय, डॉक्टरांनी बोलायचंही बंद केलंय. तेव्हापासून साडेअकरापर्यंत आम्ही दोघं वही घेऊन फोन करत होतो. तुमचं नाव वहीत आहे, आणि पुढे ‘कळवलं’ अशी बरोबरची खूणसुद्धा आहे. तुमचा अभिप्राय आल्यावर मी वही उघडून बसलो. तुमचं तिकीट दुपारच्या वेळेत गेलंय, म्हणजे तेव्हा खिडकीवर माझे वडील होते. ते आकडे मराठीत लिहितात आणि घाईत त्यांचा ९ आणि १ जुळे भाऊ दिसतात. मुलाने ९च्या जागी १ लावला. पलीकडे कुणा गृहस्थांनी ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला आणि आपल्याकडे खूण झाली. त्या गृहस्थांना कसला प्रयोग रद्द झाला हे अजून कळलं नसेल. पण साताऱ्याहून आईंना घेऊन तुम्ही आलात, ते या एका आकड्यामुळे. यात निर्मात्यांचा दोष नाही, नाट्यगृहाचा तर नाहीच. दोष खिडकीचा आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता तिकीट देतानाच समोरच्या माणसाला मिस्ड कॉल देतो. वडिलांना ते आवडलेलं नाही, पण चालू केलंय.

‘त्या दिवशी सकाळी पेपरात जाहिरात होती’ हेही खरं आहे. नाटकाची जाहिरात आदल्या दिवशीच देऊन टाकावी लागते. रात्री सव्वानऊला ती मागे घेता येत नाही.

आता तुमचं सगळ्यात टोचणारं वाक्य. तुम्ही लिहिलंय, ‘बालगंधर्वांनी पोटची मुलगी गेली त्या दिवशी प्रयोग केला, आणि यांच्या कृष्णाला सर्दी झाली की नाटक बंद!’ १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. ती गोष्ट या धंद्यात प्रत्येकाला पाठ आहे. माझ्या वडिलांनी ती मला तापात शाळेत पाठवताना ऐकवलेली आहे. पण ताई, दुःख गिळून गाता येतं, सुजलेला गळा गिळून कसं गाणार? गद्य नाटकात घसा खरखरत असला तरी नट वेळ मारून नेतो. संगीत नाटकात लोक पदांसाठी येतात. पहिल्याच पदाला वरचा षड्ज लागला नाही, तर तुम्हीच मध्यंतरात खिडकीवर आला असता, आणि तेव्हा तुमचं बरोबर असतं.

‘मग दुसरा गायक उभा करायचा’ असंही तुम्ही सुचवलंय. तसा प्रयत्न झाला. ही भूमिका पदांसकट तयार असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातले एक त्या दिवशी गोव्यात प्रयोगाला होते. दुसरे यायला तयार होते, पण त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, वेगळी. म्हणजे ऑर्गनवाल्यांनी रात्रीत सगळी पदं दुसऱ्या पट्टीत बसवायची, तबला त्या स्वराचा आणायचा, आणि रुक्मिणीबरोबरचे प्रवेश तालमीशिवाय करायचे. निर्मात्यांनी नको म्हटलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नकोच म्हटलं असतं.

पैसे परत करण्याबद्दल आमचा मुलगा चुकीचं बोलला. तारीख बदलली की प्रेक्षकाला दोन्ही वाटा मोकळ्या असतात : नव्या तारखेला या किंवा पैसे घेऊन जा. त्याला वाटलं, पैसे परत दिले तर आपण ओरडू. तसं त्याला वाटावं, हेही माझंच चुकलं. तुमच्या चारपैकी एक तिकीट आईंच्या पोथीत राहून साताऱ्याला गेलं, म्हणूनही त्याने अडवलं. त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. कागदी तिकीट हातात असेल तो आत बसतो, त्यामुळे पैसे दिले आणि तिकीट बाहेर राहिलं तर एका खुर्चीवर दोन माणसं येतात. पण प्लॅनवर, म्हणजे खुर्च्यांच्या नकाशावर, तुमच्या चारही खुर्च्यांपुढे तुमचं नाव लिहिलेलं आहे. तिथे फुली मारली की झालं. चौथ्या तिकिटाचेही पैसे मिळतील, पोथी उघडायची गरज नाही.

पाहुण्यांच्या अ‍ॅपवरच्या तिकिटांचं आमच्या हातात काही नाही. तिकिटाची रक्कम परत आली आहे, राहिलेत ते अ‍ॅपचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नसतो, आणि तुमची तिकिटं ४००ची होती. तेव्हा तो कर तिकिटाचा नाही.

रांगेचा मुद्दा मात्र मला पटतो. आधीचा प्रयोग बालगंधर्व रंगमंदिरात होता, ९८९ खुर्च्यांचा प्लॅन. तिथे लगेच पुन्हा रविवार मिळणं म्हणजे लॉटरीच, म्हणून निर्मात्यांनी लहान नाट्यगृहातली तारीख घेतली. तिथला प्लॅन वेगळा. रांगा कमी, मधली वाट दुसरीकडे, आणि जुन्या प्लॅनवरची सी-११ नव्या प्लॅनवर खांबाआड जाते. आम्ही नव्या खुर्च्या फोन लागेल त्या क्रमाने देत गेलो. म्हणजे ज्यांना आधी कळलं त्यांना पुढच्या, आणि ज्यांना आम्हीच कळवलं नाही त्यांना अकरावी रांग. हे लिहितानाही अन्याय वाटतोय. तिकीट घेतल्याचा क्रम धरायला हवा होता, यापुढे तोच धरू.

एवढं सगळं कबूल करूनही ‘फसवणूक’ हा शब्द मी घेणार नाही. एका तिकिटामागे आम्हाला सुटतं त्यात दोन कटिंग येतात, आणि रद्द झालेल्या प्रयोगाचं तेही सुटत नाही. गलथानपणा म्हणा, ऐकून घेईन.

निर्मात्यांकडे पाहुण्यांसाठी चौथ्या रांगेत मधल्या वाटेलगत चार खुर्च्या राखीव होत्या. त्या मी तुमच्या नावाने अडवल्या आहेत. आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून कडेची त्यांना, तिथे पायरी नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कुणालाही देणार नाही. यायचं नसेल तर चारही तिकिटांचे १६०० रुपये पाकिटात घालून ठेवलेत, खिडकीवर कुणीही असलं तरी मिळतील. साताऱ्याहून येण्याजाण्याचा खर्च त्यात नाही, तो मला सांगा.

येणार असाल तर जुनीच तिकिटं आणा, नवी छापलेली नाहीत. मागे निळ्या शाईचा शिक्का मारून देतो. आणि कृष्ण आता बरे आहेत, काल तालमीला गायले.