तपकिरी हिरवळ उपटण्याआधी बुंधा तपासा

उन्हाळा आला की एक संदेश सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरू लागतो: ‘लॉन तपकिरी झाली म्हणजे मेली. ओढून बघा, हातात आली तर खात्रीच. शंका असेल तर युरिया टाका, जिवंत असेल तर चार दिवसांत हिरवी होईल. नाही झाली तर उपटून नवीन अंथरा.’ यातल्या एकेका वाक्यापायी चांगल्या हिरवळी कचऱ्यात जातात.

‘तपकिरी म्हणजे मेली.’ आपल्याकडच्या बहुतेक लॉन हरळीच्या जातींच्या किंवा मेक्सिकन गवताच्या असतात. पाणी तुटले की ही गवते पाती वाळू देतात आणि जीव बुंध्यात आणि काशांमध्ये, म्हणजे जमिनीतल्या आडव्या खोडांमध्ये, राखून ठेवतात. ही सुप्तावस्था. नांगरट करून, काशा वेचून, उन्हात वाळवूनही हरळी पुन्हा कशी फुटते, हे शेतकऱ्याला विचारा. पात्याच्या रंगावरून एवढेच कळते की पाते वाळले आहे.

तपासायचा तो बुंधा, म्हणजे पाती जिथे मुळांना भेटतात ती जागा. खुरप्याने 5 सेंमी खोल छोटा गड्डा काढा, माती झटका आणि बुंधा व काशी नखाने खरवडा. आत पांढरट, ओलसर, टणक असेल तर गवत जिवंत आहे. आरपार तपकिरी, पोकळ, चुरा होणारे किंवा बुळबुळीत असेल तर तो भाग मेला. एकाच जागेवरून निकाल देऊ नका. भिंतीलगत, उतारावर, झाडाखाली आणि मधोमध अशा आठ-दहा जागा बघा.

‘ओढून हातात आली तर मेली.’ ही खूण दोन्ही बाजूंनी फसवते. नुकत्याच मेलेल्या गवताची मुळे कुजेपर्यंत मातीला धरून असतात, म्हणून ते ओढले तरी येत नाही. उलट पावसाळ्यात किंवा त्यानंतर हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळून येत असेल, तर खालची मुळे बहुधा हुमणीने खाल्लेली असतात. माती उकरा, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी अळी सापडेल. तिथे बुंधा शाबूत असू शकतो, आणि आधी बंदोबस्त हुमणीचा करावा लागतो. डागाचा आकारही बघा: सुप्तावस्थेत रंग साधारण सगळीकडे उतरतो आणि सावलीत हिरवा उरतो. मधेच सुटे गोल डाग दिसले तर बुरशी, वाळवी किंवा कुत्र्याचे मूत्र यांचा संशय धरा.

‘युरिया टाकून बघा.’ सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच. युरियात 46 टक्के नत्र असते. तहानलेल्या गवताच्या कोरड्या मातीत ते पडले की मुळांशी क्षार वाढतात, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि जिवंत बुंधाही करपतो. चार दिवसांची मुदतही खोटी आहे. खरी परीक्षा साध्या पाण्याची. 1 मीटर लांब-रुंद चौकोन आखा, दर तीन दिवसांनी 10 ते 12 लिटर पाणी झारीने हळूहळू द्या. हरळीला दोन आठवड्यांत बुंध्यातून बारीक हिरवे कोंब दिसतात. मेक्सिकन गवत संथ, त्याला तीन-चार आठवडे द्या.

जिवंत निघाली तरी सगळी लॉन लगेच हिरवी करायला धावू नका. त्यासाठी आठवड्याला चौरस मीटरमागे सुमारे 25 लिटर लागतात. 50 चौरस मीटरला 1250 लिटर. पाणीकपातीत हे मधेच बंद पडले तर नवे कोंब वाळतात आणि बुंध्यातला साठा फुकट जातो. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांतून एकदा चौरस मीटरमागे 12 लिटर द्या. रंग येणार नाही, पण बुंधा तगेल. तोवर कापणी नको, वर खुर्च्या-मांडव नको.

‘नवीन अंथरा.’ मे महिन्यात अंथरलेल्या नव्या गवताला रोज पाणी लागते. खरेच मेलेले डाग आढळले तर कारण आधी दूर करा. तळहाताएवढी जागा शेजारची हरळी स्वतः भरते. मोठी असेल तर पाऊस स्थिरावल्यावर, दोन-तीन पेरांच्या काड्या 10 ते 15 सेंमी अंतरावर लावा आणि एक पेर मातीत नक्की गाडा, मूळ तिथूनच फुटते.