लोण्याचा चार्ज नाही

मेन्यूकार्डावर थालीपिठाखाली ‘३१० किलोकॅलरी’ असं छापलं होतं, म्हणून मी थालीपीठ मागवलं. माझी बाजू एवढीच आहे. डाएटीशियनने दिवसाला चौदाशे बांधून दिलेत, सकाळी शेंगदाणे वेचून काढलेले वाटीभर पोहे झाले होते, आणि सॅलडच्या पानाकडे आता बघवत नव्हतं.

थालीपिठं आली ती जोडीने. दोन्ही तेलाने चकाकणारी, मधल्या भोकातून अजून चुरचुरणारी. सोबत दही, ठेचा आणि वाटीभर पांढरं लोणी. वाटी लहान होती, पण लोण्याला वरती शिखर होतं. मी कॅप्टनला बोलावलं. (हल्ली वेटरवर देखरेख करणाऱ्याला कॅप्टन म्हणतात. काळा कोट, कानात वायर.)

“हे तीनशे दहा एका थालीपिठाचे की दोन्हीचे?”

“प्लेटचे, मॅडम.”

“लोण्यासकट?”

“नाही नाही, लोणी कॉम्प्लिमेंटरी आहे.”

“म्हणजे त्यात कॅलरी नाहीत?”

तो समजूतदारपणे हसला. “चार्ज लावत नाही आपण त्याचा.”

इथे कोणीही शहाणी बाई गप्प बसून जेवली असती. पण मी चष्मा लावून कार्ड पुन्हा वाचलं. ३१०च्या पुढे मुंगीच्या अक्षरात आणखी काहीतरी होतं: सर्व्हिंग साइझ १०० ग्रॅम.

“हे शंभर ग्रॅम आहे?”

त्याचा चेहरा पडला. तो खाली वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, “मॅडम, आपल्याकडे माल कधीच कमी देत नाहीत. बारा वर्षं झाली मला.”

“कमी नाही हो, जास्त आहे म्हणते मी.”

“जास्तच असणार! शंभरच्या खाली जाणारच नाही. थांबा, शंका नको.”

आणि तो आत गेला. मला वाटलं मॅनेजरला आणतोय. त्याने वजनकाटा आणला. मुदपाकखान्यातला, कणकेने माखलेला, दोन सेलपैकी एक निघून येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावलेला. माझ्या टेबलावर पेपर नॅपकिन अंथरून त्याने काटा शून्यावर आणला आणि चिमट्याने माझी थालीपिठं एकावर एक त्यावर ठेवली. सगळं हॉटेल बघत होतं. आकडा थरथरला, चढला, थांबला.

“दोनशे अडतीस!” तो अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा म्हणाला. “बघा मॅडम. शंभर लिहिलंय, दोनशे अडतीस दिलंय. दुपटीपेक्षा जास्त!”

शेजारच्या टेबलावरच्या काकांनी चमचा खाली ठेवला. “कमाल आहे,” ते बायकोला म्हणाले, पण मला ऐकू येईल असं. “दुप्पट देतात, तरी भांडतात.”

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की, अहो, शंभर ग्रॅमला तीनशे दहा, तर दोनशे अडतीसला सातशे अडतीस होतात. काका म्हणाले, “मग फायदाच झाला की तुमचा.” यावर काय बोलणार? या देशात हॉटेलच्या माणसाकडे ‘वजन’ हा शब्द उच्चारणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार एकाच दिशेची असते, आणि त्या दिशेला सगळी यंत्रणा तयार आहे. मापात पाप करणाऱ्याला शिव्या आहेत, कायदा आहे, वजनमापे खातं आहे. जास्त दिलं म्हणून कुठे जायचं?

तेवढ्यात काकांना कल्पना सुचली. “अहो, काटा आणलाच आहे, तर आमचे साबुदाणा वडे पण बघा जरा.” कार्डावर १२० ग्रॅम होतं. भरले ९४. मग मात्र काकांचा आवाज असा काही लागला की कॅप्टनची कानातली वायर निसटली. पाच मिनिटांत त्यांना एक जादा वडा मिळाला, आणि मॅनेजर स्वतः येऊन सॉरी म्हणून गेला. मलाही मिळालं: एक तिसरं थालीपीठ, “आमच्याकडून, मॅडम, नाराज होऊ नका.” त्यावर लोण्याची दुसरी वाटी.

घरी येऊन मी तो नियम शोधून वाचला. रागात माणूस काहीही वाचतो. हे आकडे हॉटेलवाले हौसेने छापत नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत, मेन्यूपुरते ते जुलै २०२२ पासून लागू झाले. ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत, किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, त्यांनी कॅलरी छापायच्या, सर्व्हिंग किती तेही छापायचं. वाचता वाचता सूट कोणाकोणाला त्याची यादी लागली. त्यात मेन्यूवर नसलेली, आपल्या हाताने घ्यायची फुकट तोंडीलावणी आहेत. म्हणजे कॅप्टन अगदीच हवेत बोलत नव्हता! माझं लोणी त्याने स्वतः आणून ठेवलं होतं, हा मुद्दा मी उरवून ठेवलाय. ग्रॅमला सात कॅलरी तरी धरा. त्या वाटीत तीस ग्रॅम असेल तर दोनशेच्या वर झाल्या. फुकट.

आणि थालीपीठ तरी कुठे कार्डाप्रमाणे होतं? आकडा निघतो रेसिपीवरून. रेसिपीत तेल चमच्याने मोजलेलं असतं, तव्यावर ते पळीने पडतं, आणि पळी ज्याच्या हातात असते त्याला भाजणी करपू द्यायची नसते. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. अमेरिकेत २०११ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉटेलांतले पदार्थ आणून प्रयोगशाळेत अक्षरशः जाळून मोजले. सरासरीने छापील आकडे बरोबर आले. पण पाचातला जवळपास एक पदार्थ छापल्यापेक्षा शंभर किंवा जास्तच कॅलरींचा निघाला. खरी मेख पुढे आहे: ज्यांचा आकडा कमी छापलेला, त्यांच्यातच खरा आकडा वर जाण्याचा कल जास्त. म्हणजे चीजने लडबडलेलं काही मागवणाऱ्याला कार्ड खरं सांगतं, आणि त्याला ते वाचायचंच नसतं. फसतो कोण, तर आकडा बघून मागवणारा.

मोबाइलवरच्या ॲपचंही तेच. मिसळ शोधली तर एक वाटी मिसळ १८०, एक वाटी मिसळ ५२०, आणि कोणीतरी भाविकाने भरलेली ‘मिसळ, होममेड, हेल्दी’ ९५. तर्री कितीदा घेतली आणि पाव किती, याला रकाना नाही. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला एकच शाखा आहे, त्यामुळे त्याला नियम लागू नाही आणि तो काही छापतही नाही. तिथे जाऊन मी कधी भांडले नाही. त्याने मला कुठलाही शब्द दिलेला नव्हता.

मला कॅप्टनचा राग नाही. दमलेला, भला माणूस आहे. राग त्या ३१० वर आहे. तीनशे म्हणाले असते तर अंदाज समजून सोडून दिलं असतं. वरचे दहा कशासाठी? ते दहा बघून वाटतं, कोणीतरी खरंच बसून मोजलंय.

तिसरं थालीपीठ मी खाल्लं नाही, बांधून घेतलं. सोबत लोणी एका झाकणाच्या डबीत आलं. बिलात लोण्याचा चार्ज नव्हता, डबीचे पंधरा रुपये होते. कॅप्टनच्या हिशोबाने कॅलरी असल्याच तर त्या डबीत असणार.